डोंगरवाटेवरील वाटाड्या आणि विसावा

ज्युबिली उत्सवात धर्मग्रामातील तरुण मंडळी व त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान



ज्युबिलीच्या उत्सवात डोंगर चढण्यावर व्याख्यान कशासाठी, असे आपणांपैकी कित्येकांस वाटले असेल. त्याचे कारण साधे आहे. आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळींनी या उत्सवाच्या वर्षात हिमालयातील एक आठवड्याची पदयात्रा, ज्यास हल्ली सर्वत्र ट्रेक म्हणतात ती, काढण्याचे मनात आणिले आहे. आणि त्यांच्या आईबापांनी, विशेषतः आयांनी, तितक्याच निश्चयाने नकाराचा सूर लाविला आहे. दोन्ही पक्ष आम्हांकडे आले. मुलांचे म्हणणे असे, की छत्रपती संभाजीनगरच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून थोड्याच अधिक उंचीवर, आमचा जन्म चालला आहे. एकदा तरी बर्फाची शिखरे डोळ्यांनी पाहू द्या. आयांचे म्हणणे असे, की वर धुके येते, पाय घसरतो, श्वास अडतो, आणि गेलेले मूल परत येईतो घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून एकाची बाजू घेऊन दुसऱ्यास गप्प बसविणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

आमच्या मते ‘जावे की न जावे’ हा प्रश्न मागाहूनचा आहे. त्याआधी दोन प्रश्न विचारावयास हवेत. पहिला, वाटेवर कोणाचा शब्द अखेरचा मानावयाचा? आणि दुसरा, रात्र कोठे काढावयाची? या दोहोंची उत्तरे नीट मिळाली, तर उंच डोंगरही पुष्कळसा सौम्य होतो. न मिळाली, तर लहानशी टेकडीही घात करिते. आजचे आमचे सर्व बोलणे या वाटाड्याविषयी आणि या विसाव्याविषयी आहे.

डोंगरवाटेवर विसाव्याची सोय करणे ही काही परक्या मुलखातून आलेली चाल नव्हे. आपल्या शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर पैठण आहे. सातवाहनांच्या काळी ते प्रतिष्ठान नगर होते, आणि कोकणातील बंदरांचा माल जुन्नरमार्गे तेथे येत असे. त्या वाटेवर सह्याद्री ओलांडण्यास नाणेघाट. घाटमाथ्यावर कातळात खोदलेली लेणी आहे, पाण्याची टाकी आहेत, दगडी रांजण आहे, आणि लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून घामाघूम झालेला बैलवाला या माथ्यावर येई, तेव्हा पाणी आणि सावली दोन्ही तेथे तयार असत. कन्नड तालुक्यातील पितळखोरे, त्याचप्रमाणे अजिंठा आणि वेरूळ, येथील लेण्यांतही पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी काढीत. आणि ही स्थाने जुन्या रहदारीच्या वाटांपासून दूर नाहीत. तात्पर्य, डोंगर ओलांडणाऱ्यास छप्पर द्यावे ही समजूत आपल्या मातीत जुनी आहे.

हीच समजूत युरोपातील आल्प्स पर्वतात एका संताने सुमारे एक हजार वर्षांपूर्वी धर्मकार्य म्हणून हाती घेतली. संत बर्नार्ड हे आओस्ता येथील मुख्य उपयाजक होते. इटली आणि स्वित्झर्लंड यांमधील खिंडीतून रोमकडे जाणारे यात्रेकरू हिमात गाडले जात, लुटारूंच्या हाती सापडत. सुमारे १०५० साली संत बर्नार्डांनी त्या खिंडीत, २,४६९ मीटर उंचीवर, एक धर्मशाळा स्थापिली. त्या खिंडीस पुढे त्यांचेच नाव पडले. तेथील संन्यस्त बंधू पिढ्यान् पिढ्या धुक्यात घंटा वाजवून वाट चुकलेल्यांस हाक देत, हिमवादळात शोधास निघत. त्यांनी पाळलेल्या थोराड कुत्र्यांची कीर्ती जगभर झाली. १८०० सालच्या सुमारास जन्मलेल्या बॅरी नावाच्या एका कुत्र्याने चाळीसांहून अधिक माणसे वाचविली असे सांगतात. १९६४ साली डोंगराखालून मोटारींचा बोगदा झाला, तेव्हापासून खिंडीतील रहदारी ओसरली. परंतु धर्मशाळा आजही उघडी आहे, आणि हिवाळ्यात रस्ता बंद झाल्यावर हिमावरून पायी येणाऱ्यासही तेथे आसरा मिळतो.

या संताचा आणि आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. परंपरेप्रमाणे संत बर्नार्ड ज्या मांतों घराण्यातील मानले जातात, त्याचा वाडा साव्हॉय प्रांतात आन्सीच्या सरोवराकाठी आहे. आपल्या धर्मप्रांताचे मुख्य मंदिर ज्यांच्या नावाने आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स याच आन्सी नगरात राहून महागुरुस्वामीचे काम पाहात. तेही डोंगरातील माणूस. १६०६ साली त्यांनी शामोनीच्या दुर्गम खोऱ्यास भेट दिली, ती तेथील गरीब पहाडी लोकांची विचारपूस करण्यासाठी. आणि १८३८ साली ज्या संघाची स्थापना आन्सी येथेच झाली, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू १८४५ साली हिंदुस्थानात आले. त्यांच्याच परंपरेतील फादर जाकियर यांचे नाव घोगरगावच्या पंचक्रोशीत आजही आदराने घेतले जाते. ज्या संघाने आपल्या वाडवडिलांस गोदावरीच्या काळ्या मातीत सुवार्ता सांगितली, त्याचे मूळ आल्प्सच्या पायथ्याशी आहे. डोंगर आपल्या श्रद्धेच्या इतिहासास अगदीच परका नाही, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आता वाटाड्याकडे वळू. त्याच शामोनीच्या खोऱ्यात १८२० साली माँ ब्लाँ या महाशिखराच्या चढावर हिमाचा कडा कोसळून तीन वाटाडे मृत्यू पावले. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, तेथील वाटाड्यांनी एकत्र येऊन आपला संघ काढिला. जगातील अशा संघांत तो सर्वांत जुना गणला जातो. त्यांनी काम वाटून घेण्याचे नियम केले, आणि जखमी झालेल्या वाटाड्यासाठी व मेलेल्याच्या बायकामुलांसाठी मदतीची पेढी ठेविली. आम्हांस यातील दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. यात्रेकरू शिखर पाहून घरी जातो. वाटाडा पुन्हा पुन्हा त्याच धोक्यात उतरतो. तेव्हा त्याच्या घरच्या चुलीची काळजी हा पर्वतयात्रेचा अविभाज्य भाग होय.

वाटाड्याचे ऐकणे म्हणजे भित्रेपणा, असे काही तरुणांस वाटते. त्यांच्यासाठी एका धर्मगुरूची हकिकत सांगतो. १८८९ च्या जुलैअखेर मिलानमधील एक बत्तीस वर्षांचे विद्वान धर्मगुरू, फादर आकिल्ले रात्ती, आपल्या एका धर्मगुरू मित्रासह मोंते रोझा पर्वताच्या पूर्वेकडील प्रचंड भिंतीवर चढले. बरोबर गादिन आणि कोर्सी हे दोन पहाडी सोबती होते. पहिली रात्र त्यांनी मारिनेल्ली निवाऱ्यात काढिली. १८८१ साली याच भिंतीवर हिमलोटात दोन वाटाड्यांसह गतप्राण झालेल्या गिर्यारोहकाचे नाव त्या निवाऱ्यास दिले आहे. एकाचे मरण पुढच्यांच्या विसाव्यास कारण झाले. दुसऱ्या दिवशी माथ्याजवळ पोहोचता पोहोचता संध्याकाळ झाली. पुढे अंधारात चालावे की थांबावे? त्यांनी थांबणे पत्करिले. साडेचार हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एका अरुंद खडकावर, जेथे धड निजताही येत नव्हते, तेथे चौघांनी बसून, एकमेकांस जागे ठेवीत रात्र घालविली. उजाडल्यावर वाट दिसू लागली तेव्हाच ते हलले, आणि पुढे पलीकडच्या बाजूने सुखरूप झेरमॅटला उतरले. हेच फादर रात्ती १९२२ साली पोप पायस अकरावे झाले. १९२३ साली आन्सीच्या महागुरुस्वामींस लिहिलेल्या पत्राने त्यांनीच संत बर्नार्डांस गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. धाडस त्यांच्या अंगी होतेच. परंतु अंधार पडल्यावर थांबण्याची अक्कलही होती, आणि ते जिवंत परतले ते या दुसऱ्या गुणामुळे.

आता तरुण मंडळींच्या प्रत्यक्ष बेताविषयी बोलू. आमची पहिली सूचना अशी, की हिमालयाचे नाव घेण्यापूर्वी सह्याद्रीची शाळा करावी. त्यासाठी दूर जावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कळसूबाई, रतनगड आणि हरिश्चंद्रगड हे तीन मानकरी एका रांगेत उभे आहेत. पहिल्या दिवशी बारी गावातून कळसूबाई चढावे. १,६४६ मीटरांचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच. कठीण जागी लोखंडी शिड्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. रात्री भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या रतनवाडीस उतरावे, तेथे अमृतेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर आहे. दुसऱ्या दिवशी रतनगडावर जाऊन, माथ्यावरचे ते आरपार वारा वाहणारे नेढे पाहून, कात्राबाईच्या खिंडीने कुमशेतकडे निघावे. तिसऱ्या दिवशी पाचनईतून हरिश्चंद्रगड, केदारेश्वराची पाण्याने भरलेली गुहा आणि कोकणकड्याची ती अर्धवर्तुळाकार दरी. मुक्कामास गावकऱ्यांची घरे आहेत. सारवलेली जमीन, चुलीवरची भाकरी, आणि पहाटे कोंबड्याच्या आधी उठून वाट दाखविण्यास निघणारा घरधनी. या वाटा जंगलातील ढोरवाटांत मिसळतात. पावसाळी धुक्यात तर दहा हातांवरचे झाडही दिसत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, आणि गावचा वाटाड्या अवश्य.

या डोंगरांशी आपले आणखी एक नाते आहे. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते, १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात साठते, आणि नगरच्या रस्त्यावर आपण जो प्रवरासंगम ओलांडतो तेथे गोदावरीस मिळते. ते पाणी पैठणच्या नाथसागरात येते, आणि तेथून आपल्या नळांस. घरच्या माठातील पाण्यात रतनगडाचाही वाटा आहे. तेव्हा त्या गावांत आपण पाहुणे म्हणून तर जावेच, पण ऋणको म्हणूनही जावे.

ही शाळा पास झाली, म्हणजे हिमालय. पहिल्या हिमालययात्रेस आम्ही दार्जिलिंगच्या बाजूची संदकफूची वाट सुचवितो. कारण या वाटेवर दर मुक्कामास छप्पर आहे, तंबू वाहावे लागत नाहीत, आणि सिंगालीला राष्ट्रीय उद्यानातील ही वाट वाटाडा बरोबर घेऊनच चालावयाची असा नियम आहे. मानेभंजन या गावातून निघून पहिला मुक्काम तुमलिंगला, दुसरा गैरीबास ओलांडून कालीपोखरीला, आणि तिसरा संदकफूला, ३,६३६ मीटर उंचीवर. मानेभंजनपासून ही वाट सुमारे ३१ किलोमीटर होते. वाट कधी आपल्या हद्दीतून तर कधी नेपाळच्या हद्दीतून जाते. पुढे धारेवरून २१ किलोमीटरांवर फालुट, आणि तेथून रानातून उतरत गोरखे, श्रीखोला. आभाळ स्वच्छ असले तर ८,५८६ मीटरांचा कांचनगंगा समोर दिसतो, आणि दूर पश्चिमेस एव्हरेस्ट, ल्होत्से व मकालू. जगातील सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार एका जागी उभे राहून पाहावयास मिळतात.

इतक्या उंचीवर शरीराचे काय होते, हे आयांनी आणि मुलांनी दोघांनीही समजून घेतले पाहिजे. उंचावर हवेचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते. परंतु हवाच विरळ झाल्यामुळे संदकफूस एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोनतृतीयांश असतो. शरीर या उणिवेशी जुळवून घेते, पण त्यास दिवस लागतात. श्वास जलद होतो, रक्त हळूहळू बदलते. जो जुळवून घेण्यास वेळ देत नाही, त्याचे डोके दुखते, मळमळते, झोप उडते. आणि तरीही तो वर जात राहिला तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून प्राणावर बेतते. हा विकार धट्ट्याकट्ट्या जवानासही होतो, शरीरबळ येथे उपयोगी पडत नाही. म्हणून जाणत्यांनी नियम घालून दिला आहे, की तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक उंच करू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवावा.

आता वरील मुक्कामांकडे पुन्हा पाहा. तुमलिंग तीन हजार मीटरांच्या आसपास, कालीपोखरी त्याहून किंचित उंच, मग संदकफू. दर रात्रीची झोप नियमाच्या आतच वर सरकते. म्हणजे निवारा हे केवळ थंडीपासून रक्षण नव्हे. निवारा हेच औषध आहे, आणि ते रात्री झोपेत घ्यावयाचे आहे. संदकफूपर्यंत जुन्या लँड रोव्हर मोटारीही जातात, आणि एका दिवसात माथा गाठतात. आळशी मनुष्यास ही सोय वाटते. परंतु मोटारीने झटकन वर जाऊन तेथेच रात्र काढणाऱ्यापेक्षा तीन दिवस पायी चालून जाणारा अधिक सुरक्षित असतो. आया विचारतात, इतके दिवस कशाला? दिवस जास्त लागतात, म्हणूनच मुले सुखरूप राहतात.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेला एक प्रसंग सांगतो. काही वर्षांमागे आम्ही दहा-अकरा जण याच वाटेने गेलो होतो. वाटाडा साठीच्या घरातला. त्यास सारे दाजू म्हणत. कालीपोखरीस संध्याकाळी आमच्यातील एक उमदा तरुण जेवणावरून उठला. डोके दुखते म्हणाला, बाहेर जाऊन ओकला. दाजूने त्यास अंगणात नेले आणि एका रेषेवर, एका पावलाच्या बोटांस दुसऱ्या पावलाची टाच टेकवीत, चालावयास सांगितले. तरुण चालला, परंतु दोनदा तोल सावरावा लागला. दाजू एवढेच म्हणाला, “सकाळी हा खाली जाईल.” मग काय विचारता! वर्षभर साठविलेले पैसे, संदकफू अवघे सहा किलोमीटरांवर, आणि तरुणाचा स्वतःचा आग्रह, की मी सकाळपर्यंत बरा होईन. कित्येकांनी दाजूची मनधरणी केली. तो रागावला नाही आणि बधलाही नाही. अखेर त्या तरुणाचा एक मित्र उठून म्हणाला, “ह्यास एकटा धाडू नका. मी बरोबर उतरतो.”

रात्रभर दाजू दर दोन तासांनी उठून त्या तरुणाचा श्वास पाहून जात होता. पहाट फुटताच ते दोघे दुय्यम वाटाड्यासह गैरीबासकडे उतरले. दुपारपर्यंत तो तरुण सावरला आणि पोटभर भात जेवला, असे आम्हांस मागाहून कळले. आम्ही बाकीचे संदकफूस पोहोचलो, आणि दुसऱ्या पहाटे कांचनगंगेवर पहिला तांबूस प्रकाश पडताना पाहिला. त्या दोघांनी तो पाहिला नाही. या गोष्टीची हळहळ आम्हांस होती आणि आजही आहे. ती लपविण्यात अर्थ नाही. पण ज्या आईने तो मुलगा आमच्या भरवशावर पाठविला होता, तिच्यापुढे आम्ही मान वर करून उभे राहू शकलो, हे त्या दाजूच्या एका वाक्यामुळे. आणि त्या मित्राविषयी काय सांगावे? त्याची सुटी गेली, पैसा गेला, शिखरही गेले. परतीच्या गाडीत त्याने याविषयी एक अक्षर काढिले नाही.

परत फिरणे म्हणजे हरणे नव्हे, याचे उदाहरण आपल्याच शहराने दिले आहे. २०१६ साली येथील पोलीस दलातील रफिक शेख यांनी एव्हरेस्ट सर केले. मनीषा वाघमारे यांनी २०१७ साली एव्हरेस्टची मोहीम काढिली. शिखर थोडक्यावर राहिले असता हवा बिघडली आणि त्यांस माघारी यावे लागले. पुढच्या वर्षी, मे २०१८ मध्ये, त्या पुन्हा गेल्या आणि शिखरावर पोहोचल्या. ज्यांनी परत फिरून प्राण राखिले, त्यांसच दुसरे वर्ष मिळाले. डोंगर कोठे जात नाही.

आता तरुणांनो, काही कर्तव्ये. वाटाड्याची मजुरी ठरविताना घासाघीस करू नका. ज्याच्या शब्दावर आपला जीव ठेवावयाचा त्याच्याशी चार रुपयांसाठी हुज्जत घालणे शोभत नाही. आपले ओझे आपल्या पाठीवर घ्या. हमाल केलाच, तर त्याच्या अंगावर गरम कपडा आहे की नाही, त्यास रात्री छपराखाली जागा मिळाली की नाही, हे आपल्या जेवणाआधी पाहा. चाल नेहमी सर्वांत मागे राहणाऱ्याच्या चालीने ठेवा. पुढे धावणारे आणि मागे रखडणारे अशी फाटाफूट झाली, की वाटाडा एकाच टोकास असतो आणि अपघात दुसऱ्या टोकास होतो.

निवाऱ्याचीही रीत आहे. अंधार पडण्याआधी पोहोचावे. आपल्यामागून जो भिजून, कुडकुडत येईल त्यास चुलीजवळची जागा द्यावी, मग तो कोणत्या जातीचा, धर्माचा, देशाचा हे विचारू नये. आल्प्समध्ये आजही पुष्कळ निवाऱ्यांत, रखवालदार हिवाळ्यात खाली गेला तरी, एक खोली उघडी ठेविली जाते. जो कोणी संकटात येईल त्यास आत शिरता यावे म्हणून. आपण निघताना खोली झाडून, पाण्याची बादली भरून, आपला प्लॅस्टिकचा कचरा पाठीवर घेऊन निघावे. नाणेघाटच्या टाक्यात कोणा अनोळखी हातांनी पाणी राखिले म्हणून वाटसरूची तहान भागली. आपणही पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी एवढे करणे लागतो.

आणि आयांनो, आपणांस आमची विनंती ही, की ‘नाही’ म्हणण्याऐवजी प्रश्न विचारा. वाटाडा कोण, आणि ती वाट तो किती वर्षे चालतो? प्रत्येक रात्रीचा मुक्काम कोठे, आणि किती उंचीवर? एक दिवस अधिक हाताशी ठेविला आहे का? आजारी पडणाऱ्यास खाली आणण्यास दुसरा वाटाडा आहे का? जाण्यापूर्वी डॉक्टरांनी तपासले आहे का, आणि कोणास दम्याचा वा हृदयाचा त्रास असल्यास तो उघड सांगितला आहे का? आणि शेवटचा प्रश्न आपल्या मुलास विचारा: वाटाडा ‘फीर’ म्हणाला, तर तू फिरशील का? या प्रश्नास जो डोळ्यास डोळा देऊन ‘होय’ म्हणेल, त्यास खुशाल जाऊ द्या. जो घुटमळेल, त्यास या वर्षी कळसूबाईच पुरे.

तरुण मंडळींशी आमचे असे ठरले आहे, की येत्या हिवाळ्यात कळसूबाई ते हरिश्चंद्रगड ही तीन दिवसांची वाट आधी करावयाची, आणि ती यथासांग पार पडली तरच त्यापुढच्या वसंतात संदकफूचा विचार करावयाचा. आईबापांपैकी ज्यांस शक्य असेल त्यांनी पहिल्या यात्रेत निदान रतनवाडीपर्यंत तरी यावे. तेथील घराच्या ओसरीवर बसून, ज्या माणसाच्या हाती आपण मूल सोपविणार त्याच्याशी दोन शब्द बोलावे, त्याच्या घरची भाकरी खावी. मग रात्री घरी निजताना आपल्या डोळ्यांपुढे निनावी काळोखी डोंगर उभा राहणार नाही. एक ओळखीचे दार आणि एक ओळखीचा माणूस उभा राहील.

 यात्रेस नाव देणाऱ्यांनी आपल्या आईस किंवा बापास बरोबर घेऊन फादरांकडे यावे. एकट्याचे नाव घेतले जाणार नाही.